सोनिवलीच्या वाटेवरचे हिरवे पतंग

बदलापूरला जाऊन काय पाहिलंस, असं आमच्या गावात मला अजून विचारतात. मी अंबरनाथचं जुनं देऊळ सांगते, उल्हास नदी सांगते, सिंधी लोकांचा पापड सांगते. लोकांचं समाधान होतं. खरं जे पाहिलं ते मात्र गिळून टाकते. मी पडले मास्तरीण. भूत नसतं म्हणून मुलांना शिकवते. आमच्या घरात छप्पन सालापासून देव्हारा नाही, तिथं भुताला कुठली जागा! पण पाहिलं ते पाहिलं, आणि आता सांगूनच टाकते.

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. माझा धाकटा भाऊ प्रकाश अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत कामाला होता. दिवाळीच्या सुमारास तो कामावरून घरी आला, दारातच बसला, बायकोकडे पाणी मागितलं, आणि ती तांब्या घेऊन येईपर्यंत गेला. पोराची चाळिशीही झाली नव्हती. माझा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये, त्यामुळे मला त्याचं तोंडसुद्धा बघता आलं नाही. बाकीचे जाऊन पुण्यानुमोदन करून आले. त्याची बायको सुनंदा म्हणाली होती, आवराआवर करून गावी येते. ती आलीच नाही. माघ संपता संपता तिच्या शेजारणीचा निरोप आला: तुमची भावजय जेवत नाही, झोपत नाही, येऊन घेऊन जा, नाहीतर हीसुद्धा हातची जाईल.

मी शाळेत रजा टाकली आणि निघाले.

सोनिवलीची वाट

गाडीतला प्रवास सांगण्यासारखा नाही. बदलापूरला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आमच्या वऱ्हाडात त्या दिवसांत कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, रान उघडंबोडकं पडलेलं असतं. इथे डोंगर अगदी गावाला टेकून उभे, आणि नदीच्या अंगानं भाजीचे मळे. हवा ओलसर. पदर सारखा अंगाला चिकटत होता.

सुनंदाची खोली सोनिवलीच्या वाटेवर होती. चार खोल्यांची बैठी चाळ. पुढच्या अंगाला कुठल्याशा नव्या बिल्डिंगचे नुसतेच खांब उभे, मागे लगेच भेंडीचं शेत. ते शेत भोईरकाकूंचं, आणि निरोप धाडणाऱ्या शेजारीणबाईही त्याच. मला बघून त्या बांधावरूनच आल्या.

"आलीस बाय? बरा झाला. पोर पार सुकली बघ. पहाटंला दिवा बंद करते न खिडकी उघडी टाकून बसते. मी दोनदा बघितला."

"काय बघितलं?"

"आज हायेस ना तू? बघशील." एवढं बोलून त्यांनी माझी पिशवी उचलली आणि पुढे चालू लागल्या.

सुनंदाला बघून माझं काळीज हललं. लग्नात जिला आम्ही ढोल म्हणून चिडवायचो त्या पोरीच्या मनगटातून बांगडी कोपरापर्यंत जात होती. तिनं दारात तांब्या आणून दिला. आमच्याकडची रीतच आहे, बाहेरून आलेल्यानं आधी हातपाय धुवायचे, मग उंबरा ओलांडायचा. इतकी वर्षं मुंबईकडे काढून तिनं ती सोडली नव्हती.

"ताई, कशाला एवढ्या लांब आलात?"

"तुला न्यायला. पिशवी भर, परवा निघू."

"मला नाही हलता यायचं."

"काहून वं? कोणी बांधून ठेवलं काय तुला?"

ती नुसती खिडकीजवळच्या खुंटीकडे बघत राहिली. खुंटीवर कंपनीचा पांढरा कोट टांगलेला होता. छातीवर हाताच्या पंजाएवढा पिवळट डाग. प्रकाशचे बाकीचे कपडे तिनं रीतीप्रमाणे देऊन टाकले होते. हा एक ठेवला होता. शेवटच्या दिवशी त्याच्या अंगावर होता तो हाच.

रात्री भोईरकाकूंनी तांदळाची भाकरी आणि सुकट पाठवली. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला ती भाकरी म्हणजे पांढरा कागदच, पण सुकटीबरोबर मी तीन हाणल्या. सुनंदानं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

पहाटे मला थंडीनं जाग आली. खिडकी सताड उघडी. बाहेर अंधार, आत अंधार, आणि सुनंदा कोटासमोर पाट घेऊन बसलेली. मी हाक मारणार तोच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

आधी काही दिसेना. नुसता आवाज आला, कोणी फार बारीक कागद चुरगाळतंय असा. मग कोटाचा पांढरेपणा मला दिसू लागला, आणि त्या पांढऱ्यावर काहीतरी हलतंय हेही दिसलं. खिडकीतून एक पतंग आला. नखाएवढा. सरळ नाही आला, डावी-उजवीकडे झोके घेत, चाचपडत आल्यासारखा. कोटाच्या छातीवर बसला आणि पंख थरथरवत डागाभोवती फिरू लागला. मागून दुसरा. मग तिसरा. सगळे एकाच रंगाचे, कोवळ्या भेंडीसारखे हिरवे. बाजूला माझी पांढरी साडी दोरीवर होती, तिच्यावर एकही बसेना. उजाडू लागेपर्यंत त्या डागावर हाताला जागा उरली नाही. कोट श्वास घेत असल्यासारखा दिसत होता.

मायबाई! मी भिंतीला पाठ लावून बसून राहिले, आणि आपण मास्तरीण आहोत हे मनातल्या मनात सारखं म्हणत राहिले.

उजाडलं तसे ते एकेक करून निघून गेले. सुनंदा उठली, खिडकी लावली, आणि मला म्हणाली, "चहा टाकते."

भेंडीच्या शेतात

सकाळी मी भोईरकाकूंना गाठलं. त्या भेंडी तोडत होत्या.

"बघितलास ना?" त्या म्हणाल्या. "घरवाला येतंय तिचा. दुसरा काय?"

"काकू, शहाण्यासारखं बोला. माणूस मेला की संपला."

"मग दुसऱ्या कुनाच्या घरात का नाय जात ते? माझ्या घरात दिवा जळतंय, माझ्याकडं एक येत नाय."

मी रागारागानं त्यांच्याबरोबर भेंडी तोडायला लागले. तिसऱ्याच झाडाचा शेंडा सुकून मान टाकलेला. मोडून बघितला तर आत अळी, अंगावर ठिपके. ही तर आमची ओळखीची! आमच्या कापसाच्या बोंडात हीच शिरते आणि आमच्या वर्षभराच्या मेहनतीचं वाटोळं करते. पानाखाली तिचे पतंगही बसलेले सापडले. ते मात्र दोन तऱ्हांचे निघाले. एक अख्खा हिरवा, रात्रीच्यासारखा. दुसरा पांढरट, पंखाच्या मधोमध हिरवा पट्टा. एकाच झाडावर, वीतभर अंतरावर दोघे गपचूप.

पट्ट्याचा मी खोलीत एकही बघितला नव्हता. ते आठवून मला भर उन्हात गार वाटलं. भुताला हिरवा आणि पट्ट्याचा असा फरक कशाला लागतो?

प्रकाशच्या बोलण्यात एक नाव नेहमी यायचं, लछमनभाई. त्याच्याच कंपनीतला, उल्हासनगरचा सिंधी. कोटावरचा तो डाग कशाचा ते त्यालाच ठाऊक असणार, म्हणून मी त्याला भेटायचं ठरवलं.

अंबरनाथ आणि उल्हासनगर

अंबरनाथच्या त्या कारखान्यांच्या वस्तीत शिरले आणि माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. हवेत काय होतं देव जाणे. (सवयीनं म्हटलं, माफ करा.) पदरानं डोळे पुसत फाटकाशी गेले तर वॉचमन उठून उभा राहिला आणि म्हणाला, "रडू नका बाई, बसा, मी बोलवतो." मी कशाला खुलासा करतेय! बसले आपली स्टुलावर हुंदका आल्यासारखी.

बसल्या जागेवरून आतलं अंगण दिसत होतं. शेजारी शेजारी दोन खोल्या. प्रत्येक दाराबाहेर कोटांची वेगळी रांग, हात धुवायला वेगळा नळ, वेगळा साबण, वेगळा टॉवेल. एका खोलीतला माणूस दुसऱ्या खोलीच्या नळाकडे फिरकत नव्हता. दोन्हीकडचे एकमेकांशी बोलत होते, हसत होते, पण हातभर अंतर राखून. आमच्या बापजाद्यांनी जे पाणवठे पाहिले त्यांची मला आठवण झाली आणि माझं डोकं फिरलं.

लछमनभाई बाहेर आला तो आधी कोपरापर्यंत हात घासूनच. पन्नाशीचा, टक्कल पडलेला. माझं नाव ऐकल्यावर त्यानं वाकून नमस्कार केला. "अदी, घरी चला. इथं नाही बोलता येणार." अदी म्हणजे सिंधीत मोठी बहीण.

त्याचं घर उल्हासनगरात कॅम्पात होतं. वाटेत एक ओढा लागला. त्याचं पाणी जांभळं होतं, आणि त्याच्या काठावर बायका निवांत गप्पा मारत बसल्या होत्या. घरी पोचताच त्याच्या बायकोनं पुढ्यात पापड आणि पाणी ठेवलं. आमच्याकडे पाहुण्याला गूळ-पाणी देतात, इथे पापड-पाणी. नंतर दाल-पकवान आलं. हे पकवान म्हणजे पुरीची कडक, मोठी बहीण. मी ते चावलं तर असा आवाज झाला की मलाच लाज वाटली.

कोटाचं सगळं सांगितल्यावर लछमनभाई कितीतरी वेळ पापडाचे तुकडे करत राहिला.

"अदी, माझी मराठी कच्ची आहे, समजून घ्या. आम्ही काय बनवतो माहीत आहे? मादीचा वास. पतंगाची मादी असते ना, ती रात्री बसते आणि अंगातून वास सोडते. नर लांबून तो पकडत पकडत येतो. आम्ही तोच वास शीशीत बनवतो, रबराच्या छोट्या टोपीत थेंब टाकतो. ती टोपी सापळ्यात लावायची. नर येतो, फसतो. तुमच्या कापसात लावतात ना?"

लावतात! कामगंध सापळा. आमच्याच शेतात दोन होते, प्रकाशनंच आणून दिलेले. सापळ्याच्या पिवळ्या पिशवीत पतंग साठलेले मी कितीदा झटकले होते.

"मग दोन खोल्या कशाला? आणि हा सोवळ्याचा तमाशा?"

"भेंडीवर दोन पतंग असतात. सगे चुलत भाऊ समजा. एक पूर्ण हिरवा, एक पट्टीवाला. दोघांच्या मादीचा मेन माल एकच. फरक एवढाच, हिरवीचा वास सादा, पट्टीवालीच्या वासात आणखी दोन चीजा मिक्स. बस. तेवढ्यावरून नर ओळखतो, ही आपली आणि ही चुलतभावाची. प्रकाश हिरव्याच्या खोलीत, मी पट्टीच्या. माझ्या खोलीचा एक थेंब त्याच्या मालात गेला की हिरवा जवळ येतो, घुटमळतो आणि उलटा फिरतो. सगळा माल बेकार. म्हणून हात धुवायचे, टॉवेल वेगळा, कोट घरी न्यायचा नाही. प्रकाशच्या घरी जायचो तेव्हा मी दारातच हात धुवायचो. भाभी हसायच्या, म्हणायच्या, लछमनभाई आमच्यापेक्षा आमची रीत पाळतात."

"मग प्रकाशनं कोट घरी कसा नेला?"

त्यानं मान खाली घातली. "त्या दिवशी त्याचा हात कापत होता. शीशी छातीवर सांडली. मी बोललो, काय रे, म्हातारा झालास काय? हसला. बोलला, बरं नाही वाटत, घरी जातो. कोट काढायचं विसरून गेला. सात वर्षांत पहिल्यांदा विसरला."

त्याची बायको डोळे पुसत आत गेली. लछमनभाईनं उगीच हसायचा प्रयत्न केला. "मी पण पहाटे भेंडीच्या शेतातून जात नाही. पट्टीवाले सगळे माझ्या अंगावर. घरवाली बोलते, तुझे नवरे आले."

"तो कोट कंपनीचा आहे ना? घेऊन जा बाबा तेवढा," मी म्हणाले. "नाहीतर आमची पोरगी मरेल."

"हिसकावून घेतला तर भाभी आयुष्यभर खुंटीकडेच बघत राहतील," तो म्हणाला. "थोडा विचार करू द्या मला."

पुन्हा सोनिवली

मी मात्र उड्या मारतच परत आले. भुताचा उलगडा झाला होता. संध्याकाळी सुनंदाला समोर बसवलं आणि वर्गात शिकवते तसं सगळं समजावून सांगितलं. मादी, वास, टोपी, सांडलेली शीशी. ती शांतपणे तांदूळ निवडत होती.

"मला माहीत आहे ताई," ती म्हणाली. "हे रोज जेवताना तेच तर सांगायचे. मी थट्टा करायची, तुमच्या अंगाला बाईचा वास येतो म्हणून."

माझी मास्तरकी तिथल्या तिथे थंड पडली.

"माहीत आहे तर मग बसतेस कशाला पहाटे उठून?"

तिचे हात थांबले. "एवढासा किडा. अंधारात एवढ्या लांबून येतो आणि आपलं माणूस बरोबर हुडकतो. शेजारी चुलत जात बसलेली असते, तिच्याकडे बघतसुद्धा नाही. त्याला कोण वाट दाखवतं? नुसता वासच ना? ह्या कोटाला ह्यांच्या घामाचा पण वास आहे ताई. मी तो धुतला, खिडकी लावली, गावी निघून आले, आणि ते वाट शोधत आले तर? हे हिरवे येतात तोवर मला कळतं, वाट अजून उघडी आहे."

भूत असतं तर मी भांडले असते. ह्या बोलण्याशी भांडता येईना. मला एकदम भरून आलं. तिला जवळ घेतलं तर हाताला नुसती हाडं लागली. इतका वेळ मी तिची समजूत काढत होते, पण माझाही भाऊ गेला होता, आणि त्याच्यासाठी मी पहिल्यांदा रडले ते त्या तांदळाच्या सुपावर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लछमनभाई आला. कामावरून थेट आलेला दिसत होता. सुनंदानं तांब्या भरून दारात पुढे केला. त्यानं तो घेतला नाही. "राहू द्या भाभी," म्हणाला आणि उंबरा ओलांडून आत आला.

मी सुनंदाकडे बघितलं. ती तांब्या घेऊन मोरीकडे गेली होती.

लछमनभाई खुंटीपाशी गेला. त्यानं कोट काढला नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरला, त्यात तोंड खुपसलं आणि मोठ्यानं रडला. "प्रकाश, यार," एवढंच म्हणत होता. त्याचे हात त्या पिवळ्या डागावरून फिरत होते. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. चहा न घेताच तो गेला.

त्या पहाटे मी आधीच जागी होते. सुनंदानं दिवा घालवला, खिडकी उघडली, पाटावर बसली. कागद चुरगाळल्यासारखा आवाज आला. पहिला हिरवा झोके घेत आत शिरला, कोटापासून वीतभर अंतरावर आला आणि हवेतच अडखळला. वर गेला, खाली आला, पुन्हा जवळ गेला, आणि वळून खिडकीबाहेर निघून गेला. दुसऱ्यानं तेच केलं. त्यानंतरचे खिडकीच्या चौकटीवरूनच मागे फिरले. मला श्वास घ्यायची भीती वाटत होती. अंधारात कोट नुसता लटकत होता, आणि पहिल्यांदाच तो मला रिकामा दिसला.

सुनंदा हललीच नाही. कितीतरी वेळानं आणखी एक पतंग आला. हा बिचकला नाही. सरळ डागावर जाऊन बसला आणि पंख थरथरवत फिरू लागला, अगदी हक्कानं. बाहेर जरा फटफटलं होतं. त्याच्या पांढरट पंखांवर मधोमध हिरवा पट्टा होता.

सुनंदा उठली. अगदी जवळ जाऊन तिनं त्याला न्याहाळलं.

"हा आमचा नव्हे," ती म्हणाली.

तिनं त्याला फुंकर मारून उडवलं, कोट खुंटीवरून काढला, मोरीत नेला आणि बादलीत बुडवला. मग दिवा लावला. भोईरकाकू म्हणतात, त्या खोलीत पहाटे दिवा दिसला तो दिवाळीनंतर त्या दिवशीच. आम्ही दोघींनी चहा घेतला. रात्रीची भाकरी उरली होती, ती सुनंदानं चहात बुडवून सगळी खाल्ली. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर ती थांबली असती.

घरी

सुनंदा आता आमच्याकडेच असते. तिची बांगडी मनगटावर थांबते. शेतीचं सगळं तीच बघते, मला विचारतसुद्धा नाही.

त्या पावसाळ्यात पऱ्हाटी कमरेएवढी झाली तेव्हा आम्ही दोघी शेतात सापळे लावत होतो. रबराची टोपी ती हातानं धरत नाही, चिमट्यानं उचलते, नाहीतर फडक्यानं. लछमनभाईचं ते एक गुपित मी इतके महिने पोटात ठेवलं होतं. तिला कधी कळू द्यायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं. तिची वाट आपसूक बंद झाली, असंच तिला वाटू दे.

काम झालं. मी तिच्या हातावर पाणी घालू लागले. ती हात चोळत होती, साबण लावून, कोपरापर्यंत, अगदी त्याच्यासारखी. मध्येच थांबली.

"ताई, लछमनभाई एवढ्या वर्षांत हात धुतल्याशिवाय आमच्या घरात कधी शिरले नाहीत."

माझी पाण्याची धार थांबली.

"त्या दिवशी मी तांब्या पुढे केला, त्यांनी घेतला नाही. तेव्हाच मला कळलं ते कशाला आलेत." तिनं हात पुढे केले. "मी हट्ट करू शकले असते. पण आत गेले आणि तांब्या मोरीत ओतून दिला. घाला ना पाणी, थांबलात कशाला?"